सांपडलेलें आणि घडविलेलें

टांकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाहीं, ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. कष्टाचें माहात्म्य सांगावयास ती फार सोयीची. म्हणून शाळेच्या फळ्यापासून सत्कारसमारंभांतील भाषणापर्यंत तिचा अव्याहत संचार चालू असतो. परंतु ज्या भूमींत ही म्हण जन्मली, तेथील वेशींवर, बांधांवर आणि देवघरांत थोडें डोकावून पाहिलें तर निराळाच प्रकार आढळतो. शिवेवरचा म्हसोबा, विहिरीच्या कांठीं ओळीनें मांडलेल्या साती आसरा, वडाखालचा वेताळ, यांतील पुष्कळांना टांकीचा स्पर्शहि झालेला नसतो. कोणा एकाला नांगरतांना किंवा नदीच्या पात्रांत एक दगड दिसतो, तो सोडून पुढें जाणें त्याच्यानें होत नाहीं, तो त्याला शेंदूर लावतो, आणि पुढल्या पिढीला तो देवच असतो. अशा अनघड पाषाणाला आपण तांदळा म्हणतों. घडीव मूर्तीपेक्षां त्याचा मान तसूभरहि कमी नसतो. उलट ‘स्वयंभू’ या एका शब्दानें तो वाढतो. म्हण एक सांगते आणि आचार दुसरेंच सांगतो. अशा वेळीं आचारावर विश्वास ठेवावा, कारण म्हणी बोलतांना मनुष्य थोडा सभ्य झालेला असतो.

जुन्या घरांतील पंचायतन हें याचें आणखी सूक्ष्म उदाहरण आहे. गंडकीच्या पात्रांतला शाळिग्राम, नर्मदेंतला बाण, शोण नदीचा तांबडा पाषाण, सुवर्णमुखीचा खडा आणि स्फटिक. हे अनुक्रमें विष्णु, शिव, गणपति, देवी आणि सूर्य. यांपैकीं एकाहि देवाला कोणीं नाक-डोळे कोरलेले नसतात. निसर्गानें जें घासूनपुसून ठेवलें तें मनुष्यानें उचललें आणि ताम्हनांत एका क्रमानें मांडलें. वैष्णव शाळिग्राम मध्यें ठेवतो, शैव बाण मध्यें ठेवतो; आणि मधला खडा बदलला कीं सगळ्या मांडणीचा अर्थ बदलतो. मात्र येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. नदींतला प्रत्येक गोटा कांहीं शाळिग्राम होत नाहीं. त्याचीं लक्षणें ठरलेलीं आहेत, त्यावरचीं चक्रें पाहावीं लागतात, पारखणारा जाणता लागतो. वेचण्यालाहि शास्त्र आहे, हें आपल्या पूर्वजांना कोणीं परदेशांतून येऊन शिकविलें नव्हतें.

हें सारें सांगण्याचें कारण असें, कीं गेल्या शंभर वर्षांत शिल्पकलेंत जो एक नवा पंथ निघाला, त्यावर आपल्याकडे पहिला आक्षेप येतो तो परकेपणाचा. या पंथाचे लोक संगमरवर किंवा ओतीव कांसें हातीं धरीत नाहींत. मोडक्या यंत्रांचीं चक्रें, गंजलेल्या सांखळ्या, फुटक्या कपबश्या, पुरांत वाहून आलेलीं खोडें, असल्या टाकलेल्या जिनसा ते गोळा करतात, आणि त्यांची जुळणी करून तिला शिल्प म्हणतात. १९१७ सालीं मार्सेल द्युशां यानें न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे चिनी मातीचें मुतारीचें भांडें शिल्प म्हणून पाठविलें, आणि चालकांनीं तें मांडण्याचें नाकारलें. १९४२ मध्यें पिकासोनें सायकलची बैठक आणि तिचें हँडल एकत्र जोडून बैलाचें मस्तक तयार केलें. द्युशांचा खटाटोप मला फारसा रुचत नाहीं. त्यांत वस्तूच्या दर्शनापेक्षां पाहणाऱ्यांची फजिती करण्याचा आनंद अधिक दिसतो. पिकासोच्या बैलाची गोष्ट वेगळी. त्याकडे पाहतांना बैल दिसतो, मग सायकल दिसते, पुन्हां बैल दिसतो, आणि दोहोंपैकीं कोणीहि दुसऱ्याला हांकलून लावीत नाहीं. आपल्या देशांतहि अवनींद्रनाथ ठाकुरांसारखा थोर चित्रकार उतारवयांत वाळक्या फांद्या आणि मुळें घेऊन त्यांतले पशुपक्षी शोधीत बसला होता. कांहींनीं ती म्हातारपणची करमणूक मानली. मला तें वार्धक्यांत आलेलें शहाणपण वाटतें.

परकेपणाचा आक्षेप सोडला तरी दुसरा उरतो, आणि तो बळकट आहे. यांत शिल्पकारानें केलें काय? लोखंड दुसऱ्यानें ओतलें, दांते तिसऱ्यानें पाडले, गंज पावसानें चढविला. मग कर्तृत्व कोणाचें? या प्रश्नाचा विचार करावयाला अंबरनाथच्या शिवमंदिरासारखें स्थळ नाहीं. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळचें हें देऊळ. त्याच्या भिंतींवर देव, सुरसुंदरी, वेलबुट्टी यांची अशी गर्दी आहे कीं, कोरी जागा शोधूं म्हटलें तर डोळे थकतात. १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांना येथें आणून या कोरीव कामाचे साचे काढविले गेले, तें त्याची थोरवी ओळखूनच. टांकीचा एवढा पराक्रम बाहेरून पाहून झाल्यावर मंडपांतून पायऱ्या उतरून खालीं गर्भगृहांत जावें लागतें. आणि तेथें ज्याच्यासाठीं हा सारा थाट मांडला, त्या लिंगाला भाविक स्वयंभू मानतात! ज्या कारागिरांना काळ्या पाषाणांतून वाटेल तें काढतां येत होतें, त्यांनीं आपली सर्व विद्या न घडविलेल्या एका दगडाभोंवतीं उभी केली. त्यांना यांत कमीपणा वाटला असेल, असें मानण्यास त्यांच्या कामांत तरी जागा नाहीं.

तेव्हां घडविणें आणि सांपडणें हीं दोन शत्रुराष्ट्रें नव्हेत. तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याचा कलावंताचा मार्ग कसा असतो, हें पाहण्यासारखें आहे. मुंबईचे आदि दावियरवाला (१९२२–१९७५) यांचें उदाहरण घ्या. त्यांचें शिक्षण कलाशाळेंतलें नव्हतें. व्यवसाय औषधांच्या रसायनशास्त्राचा. शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या सहवासांत त्यांनीं हत्यार धरावयास शिकून घेतलें. आरंभीं लांकूड आणि दगड कोरले, आणि पुढें धातूकडे, लोखंडाच्या टाकाऊ तुकड्यांच्या जोडकामाकडे ते वळले. या वळणांत मला एक नैतिक अर्थ दिसतो. कोरणारा शिल्पकार नको असलेलें काढून टाकतो. त्याच्या पायाशीं कपच्यांचा ढीग पडतो आणि त्या ढिगाकडे कोणी पाहत नाहीं. जोडणारा शिल्पकार दुसऱ्या कोणाच्या तरी कपच्यांच्या ढिगापासून आरंभ करतो. पहिल्याला साहित्यावर सत्ता चालवावी लागते. दुसऱ्याला त्याची मर्जी सांभाळावी लागते, कारण वांकलेली सळई ज्या अंगानें वांकली आहे ती त्याच अंगानें बोलते, आणि तिला सरळ करूं गेलें तर मोडते. कोरणें सोडून जोडण्याकडे येणारा मनुष्य आळशी झाला असें पुष्कळांना वाटतें. खरें तर त्यानें आपल्या हातांतला एक अधिकार खालीं ठेवलेला असतो. प्रत्येकाला तें जमत नाहीं, आणि प्रत्येकानें तें करावें असेंहि नाहीं.

या मार्गावरचा सर्वांत मोठा यात्रिक मात्र महाराष्ट्राबाहेरचा. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ सालीं आज पाकिस्तानांत असलेल्या शकरगड भागांतील एका खेड्यांत झाला. फाळणीनें गांव गेलें. पुढें चंदीगड येथें सार्वजनिक बांधकाम खात्यांत ते रस्त्यांचे निरीक्षक झाले. ल कॉर्बुझिए याच्या आराखड्याप्रमाणें तें नवें नगर वसत होतें, आणि त्यासाठीं तेथलीं जुनीं खेडीं उठविलीं जात होतीं. पडलेल्या घरांचा राडारोडा, फुटकीं भांडीं, बांगड्यांच्या कांचा, नदीनाल्यांतले चित्रविचित्र दगड हें सर्व हा मनुष्य नोकरीच्या वेळेबाहेर सायकलवर घालून आणी आणि सुखना तलावाजवळच्या राखीव रानांत सांठवून ठेवी. १९५७ च्या सुमारास हें सुरू झालें. सरकारी अंमलदारांच्या दृष्टीस तें पडलें १९७५ सालीं. अठरा वर्षें! प्रदर्शन नाहीं, समीक्षक नाहीं, गिऱ्हाईक नाहीं, मित्रमंडळाची वाहवा नाहीं. दिवसा सरळ रस्त्यांची देखरेख करावयाची आणि रात्रीं वांकड्यातिकड्या वस्तूंच्या संगतींत राहावयाचें. सांपडलेल्या वस्तूंच्या कलेंत कष्ट नाहींत म्हणणाऱ्यांनीं या अठरा वर्षांचा हिशेब करावा.

तें काम बेकायदा होतें हेंहि सांगितलें पाहिजे. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून उभी केलेली ती सृष्टि नियमानें पाडावयासच हवी होती. पाडली नाहीं, १९७६ सालीं ती लोकांना खुली केली, आणि तिच्या कर्त्यालाच तिची देखभाल सोंपविली, यांत शासनाचा शहाणपणा दिसतो. मात्र सौंदर्य असेल तर अतिक्रमण क्षम्य, असा सिद्धान्त यावरून कोणीं काढूं नये. अनधिकृत इमारतींसाठीं २००६ सालीं ज्या उल्हासनगरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला, तेथील रहिवाशांना तर त्या सिद्धान्ताची फार गोडी वाटेल! नेकचंदांच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, त्यांनीं त्या जागेवर स्वतः राहण्यासाठीं किंवा विकण्यासाठीं एक वीटहि रचली नाहीं.

उल्हासनगराचें नांव आलेंच आहे, तर या विषयाच्या मर्माकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांसाठीं छावणी उभारली होती. युद्ध संपलें, सैनिक गेले, बराकी रिकाम्या पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून निघालेलीं सुमारें एक लाख माणसें या बराकींत आणून ठेवलीं गेलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. आजहि तेथला पत्ता सांगतांना एक नंबर, चार नंबर असा कॅम्पाचा आंकडा सांगतात. म्हणजे हें नगरच एक सांपडलेली वस्तु आहे. सैन्यानें टाकलेल्या कवचांत निर्वासितांनीं संसार थाटला. ज्यांच्या हातीं कांहीं उरलें नव्हतें त्यांनीं जें मिळालें त्यावर हात चालविला, आणि फर्निचर, कपडे, विजेचीं उपकरणें असा मोठा व्यापार उभा केला.

सांपडलेली वस्तु म्हणजे कोणाची तरी हरवलेली वस्तु, ही साधी गोष्ट अशा नगरांत उभें राहिल्यावर ध्यानांत येते. कलेच्या चर्चेंत ती सहसा येत नाहीं. सांपडलेली वस्तु मूळ मालकास परत करावी, हा आपला पहिला नीतिपाठ. रस्त्यांत पडलेली अंगठी जो बोटांत घालतो त्याला आपण कलावंत म्हणत नाहीं. मग मोडलेल्या घराची चौकट उचलून तिचें शिल्प करणाऱ्याला कोणता न्याय लावावयाचा? चौकटीचा मालक सांपडण्यासारखा नसतो. सांपडला तरी त्याला ती नको असते. नको नसली तरी लावावयाला घर नसतें. चंदीगडच्या त्या बागेंतील प्रत्येक खापरी कोणाच्या तरी उठलेल्या चुलीजवळची आहे. स्वतःचें गांव गमावलेला मनुष्य दुसऱ्यांच्या गमावलेल्या गांवांचे तुकडे वेचीत होता, आणि त्यानें तें कोणत्या अधिकारानें केलें हा प्रश्न त्याच्या थोरवीनें मिटत नाहीं.

माझ्या मतें अधिकार मिळतो तो एका अटीवर: वस्तूची ओळख पुसतां कामा नये. सायकलची बैठक बैलांत दिसली पाहिजे, खापरींत खापरी दिसली पाहिजे. ज्याची वस्तु होती त्याला ती परत देतां येत नसेल, तर निदान ती कोणाची तरी होती हें सांगत राहणें हीच परतफेड. उल्हासनगराविषयीं एक जुना विनोद आहे, कीं तेथल्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असें छापतात आणि विचारल्यास त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगतात. विनोद करणारे त्यामागची गरज विसरतात. उपाशी मनुष्याला स्वतःचें नांव खपत नसेल तर तो दुसऱ्याचें लावतो. पण व्यापाराची ती युक्ति आणि शिल्पकाराची कृति यांतला भेद तिनें नेमका दाखविला आहे. तेथें वस्तु आपलें जन्मस्थान लपवून किंमत मिळविते. शिल्पांत तिला आपलें पूर्वायुष्य उघडें करून किंमत मिळवावी लागते. भंगाराला सोनेरी रंग फांसून ज्यांचे मोर आणि घोडे बनतात, आणि हल्लीं चौकाचौकांत ते उभे दिसतात, त्यांत कौशल्य असेल. पण तेथें लोखंडाला पुन्हां एकदां गप्प बसविलेलें असतें. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही आपली लाडकी घोषणाहि अशीच. ती काटकसरीची घोषणा आहे आणि काटकसर हा सद्गुणच आहे. मात्र विझलेल्या दिव्याच्या गोळ्याचा पेंग्विन करून कपाटावर ठेवणाऱ्यानें त्या गोळ्याकडे क्षणभर तरी पाहिलें होतें काय, अशी शंका येते.

दुसरा प्रश्न पैशाचा. शिल्पकाराच्या आधीं त्या वस्तूकडे आणखी कोणी तरी वांकून पाहिलेलें असतें. कचरा वेचणारी बाई पहांटे निघते. पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळें, तांबें वेगळें, अशी तिची निवड असते, आणि त्या निवडीवर तिचें पोट असतें. तिची नजर चुकली तर घरीं चूल पेटत नाहीं. शिल्पकाराची चुकली तर एक कृति वाया जाते. ती भंगारवाल्याकडे किलोनें विकते, शिल्पकार तेथूनच किलोनें घेतो, आणि दालनांत त्याच लोखंडाला लाखाची चिठ्ठी लागते. यांत अन्याय आहे काय? वस्तूचें मोल तिच्या वजनांत नसतें हें मान्य करूनहि मला येथें अस्वस्थता वाटते. जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण दारांत बसून घासाघीस करीत असे. त्या घासाघिशींत निदान दोन्ही पक्ष समोरासमोर होते. कोणाचें काय जुनें झालें आणि त्याबद्दल काय मिळालें हें दोघींनाहि दिसे. बदलापुराच्या नांवाची उपपत्ति लोक अशी सांगतात, कीं प्रवासांत थकलेले घोडे तेथें बदलून ताजे घेत. ताज्या घोड्यावर बसून स्वार पुढें जातो, थकलेला मागें राहतो. दालनांतल्या शिल्पाखालीं कर्त्याचें नांव असतें, माध्यम म्हणून ‘लोखंड’ असतें, वेचणारीचा उल्लेख नसतो. तो करावयाला फारसा खर्च येणार नाहीं. पण तेवढ्यानें तिचें देणें फिटेल, असें मी म्हणणार नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. अंबरनाथच्या त्या देवळाजवळून वालधुनी वाहते आणि पुढें उल्हासनगरांतून जाते. कारखान्यांचें सांडपाणी आणि जीन्सचे कपडे धुण्यारंगविण्याचें पाणी तिच्यांत वर्षानुवर्षें सोडलें गेलें. २०१४ सालीं तर तिच्यांत ओतलेल्या रसायनाच्या वायूनें कांठच्या अनेक लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. अशा नदींतून निघालेल्या कचऱ्याची एखादी देखणी मूर्ति कोणीं केली आणि तिचें उद्घाटन थाटानें झालें, तर नदीचें काय झालें? समारंभाला आलेले लोक समाधानानें घरीं जातील, आणि त्या समाधानाचा एक अंश तरी चोरीचा असेल. कचरा सुंदर होऊं शकतो हें एकदां पटलें, कीं तो करणाऱ्याची लाज कमी होते. भंगारशिल्पांचीं उद्यानें ज्या उत्साहानें सार्वजनिक खर्चानें उभीं राहतात, तो उत्साह मला म्हणूनच संशयास्पद वाटतो. कलावंताला याबद्दल दोषी धरतां येत नाहीं; परंतु आपली कृति कोणाच्या दारीं पडदा म्हणून टांगली जात आहे, हें पाहणें त्याचें काम नव्हे असेंहि म्हणवत नाहीं.

उल्हास नदीला २०१९ च्या जुलैंत जो पूर आला, त्यांत बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून सुमारें १,०५० प्रवासी पाण्यांत वेढले गेले होते. पूर ओसरला कीं कांठावर काय काय लागतें हें नदीकांठचा मनुष्य जाणतो: ओंडके, पाट, चपला, कोणाची तरी पेटी. पेटी उघडण्यापूर्वीं हात थबकतो. या कलेकडे येणाऱ्या तरुणांना कोणी जोडकाम शिकवील, तोल शिकवील, गंज थांबविण्याचें रसायनहि सांगेल. हें थबकणें मात्र ज्याचें त्यालाच यावें लागतें, आणि नेकचंदांची अठरा वर्षें बहुधा त्यांतच गेलीं असावींत.

त्यांच्या बागेंत सिमेंटच्या बाहुल्यांच्या रांगा आहेत. त्यांतील कित्येक स्त्रिया पायापासून खांद्यापर्यंत कांचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांनीं मढविलेल्या आहेत. मराठी घरांत बांगडी फुटली असें म्हणत नाहींत. बांगडी वाढली, असें म्हणतात. त्या रांगांपुढें उभ्या राहिलेल्या एखाद्या मराठी बाईच्या तोंडीं कोणता शब्द आधीं येत असेल?